कासवीच्या टाकीतलं मीठ

१

"मामा, टाकीतलं पाणी जेवढ्याला तेवढं आहे. पण त्यातलं मीठ कोणतरी चोरतंय."

माझी भाची मधुमिता हे फोनवर म्हणाली तेव्हा मी दुकानात कॉफीच्या बिया भाजत होतो. बियांचा रंग एकदा पुढे गेला की ब्रह्मदेवालाही मागे आणता येत नाही, त्यामुळे मी जरा तुसडेपणानंच म्हणालो, "मग वाण्याकडून पिशवीभर आण आणि घाल."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ही पोरगी जनावरांची डॉक्टर. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालते आणि हसते. ती रडतेय म्हटल्यावर मी भट्टी बंद केली. तो घाणा करपला तो करपलाच.

आमच्या कुंभकोणमपासून समुद्र बराच लांब. तरी मेलकावेरीतल्या तिच्या दवाखान्यामागे सिमेंटच्या टाकीत समुद्रातलं कासव होतं, त्याला कारण होतं. शिवप्रसाद हा मासळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर रोज किनाऱ्यावरून आमच्या बाजारात येतो. एकदा त्याला जाळ्यात अडकलेली मोठी कासवी दिसली, घशात गळ रुतलेला. किनाऱ्याजवळ एक्स-रे नाही, ऑपरेशनची सोय नाही. त्यानं जंगलखात्याला फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून ओल्या गोणपाटात गुंडाळून ती मधुमिताकडे आणली. तिनं गळ काढला. कासवी वाचली, खायला लागली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, पेढे वाटायचेच तेवढे राहिले होते.

आणि आता ती पुन्हा खाईना.

"येतों," मी म्हणालो. "मामीला घेऊन येतों."

मी शामसुंदर, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी; घरात आमची तंजावरी बोली. माझी अक्कल कॉफीपुरती. अंबुजा, माझी बायको, हिनं मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. कॉपी कोणी केली हे पेपर न उघडता सांगायची. गल्लीत काही हरवलं की लोक पोलिसांकडे नंतर जातात, आधी आमच्या पायरीवर येतात.

२

कासवी पाण्यावर नुसती पडून होती. पाठ कोरडी, वल्ह्यासारखे पाय सैल, डोळे अर्धे मिटलेले. परवापरवापर्यंत हीच बया मधुमिताच्या हातातून बांगडा हिसकून घेत होती.

"समुद्राच्या पाण्याला जेवढा खारटपणा, तेवढा इथं ठेवायला पायजे," मधुमिता म्हणाली. "थोडा वेळ गोड पाण्यात राहिली तर काही होत नाही. पण दिवसचे दिवस राहिली की अंगातलं बिघडतं. मी यंत्रानं रोज मोजतें मामी. रोज थोडा उतरलेला असतो. मीठ घालून वर आणतें, दुसऱ्या सकाळीं पुन्हा खाली."

"आणि पाणी?"

"या रेघेवर. कालही या रेघेवर, आजही."

अंबुजानं पदर खोचला आणि टाकीभोवती एक फेरी मारली. "गळती असती तर रेघ उतरली असती. म्हणजे कोणतरी खारं काढतंय आणि तितकंच गोड घालतंय. थेंबाचाही फरक नाही." तिनं वाकून फरशी पाहिली. "आणि फरशीवर सांडलेलंही नाही."

"जंगलखात्याचे साहेब येऊन गेले," मधुमिता म्हणाली. "अमावास्येपर्यंत सुधारली नाही तर तिला चेन्नैला हलवणार म्हणतायत. एवढा रस्ता तिला झेपणार नाही मामी. वाटेत जाईल ती."

म्हणजे अमावास्येच्या आत चोर सापडला तर कासवी जगणार होती. मी बोटांवर दिवस मोजायला लागलो. अंबुजानं मात्र शांतपणे विचारलं, "इथपर्यंत कोण कोण येतं?"

तिघं येत होते. एक शिवप्रसाद. रोज ताजे मासे आणि समुद्राच्या पाण्याचे कॅन आणायचा. गाळणी धुताना टाकीतलं जेवढं पाणी जाई, तेवढं कॅनमधून भरायचा. दुसरे शेजारचे पद्मनाभ. मासळीचा वास येतो म्हणून त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली होती आणि ते पाइपानं झाडांना पाणी घालायचे, तो पाइप दवाखान्याच्या भिंतीवरून सहज पोचत होता. तिसरे मागच्या गल्लीतले व्यंकोबाराव. त्यांच्या परसातून दवाखान्याच्या मागच्या दारात यायला चार पावलं. रोज पहाटे ते इथल्या तगरीची फुलं पूजेला न्यायचे.

"व्यंकोबारावांना सोड," मी म्हणालो. "तो माणूस मुंगीला वाट देतो." आमच्या विठ्ठलाच्या भजनात झांजा त्यांच्याच हातात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्या अंथरुणावर, आणि त्यांचं न्हाणं-भरवणं सगळं हा म्हातारा एकट्यानं करतो.

"मी कोणालाच सोडलें नाही अजून," अंबुजा म्हणाली. "तुम्हालाही नाही."

३

पद्मनाभांनी आम्हाला कॉफी दिली. पाणचट. माझ्याच दुकानातली पूड घेऊन कोणी अशी कॉफी करावी याचा मला त्या कासवीइतकाच त्रास झाला.

"वास येतो म्हणून तक्रार केली, लपवत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "पण भिंतीवरून पाणी सोडायला मी काय लहान मूल आहे? पाइप सोडला तर टाकी भरून वाहील, फरशीवर तळं होईल. तुमच्या ते लक्षात आलं नसतं?"

अंबुजा नुसती हसली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "खरं बोलला. पाइपवाला मोजून घालत नाही."

शिवप्रसाद मासळीबाजारात सापडला. मधुमिताचा संशय त्याच्यावरच होता. कॅन समुद्रावर न भरता वाटेतल्या बोअरवेलवर भरत असेल, तेवढेच कष्ट वाचले, असा तिचा हिशेब. अंबुजानं आडून काही विचारलं नाही. सरळच विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "अम्मा, लाटेत कंबरेइतका उतरून भरतो मी. तिला मीच उचलून आणलंय. मीच मारीन?" एवढंच बोलला आणि पाटी डोक्यावर घेऊन गेला.

"चिडला," मी म्हणालो.

"दुखावला," अंबुजा म्हणाली. "ते वेगळं."

मग मी माझी युक्ती काढली. पहाटे उठून दवाखान्याच्या आवारात खुर्ची टाकून मीच पहाऱ्याला बसणार होतो. माझ्या अंगात काय वीर संचारला कोण जाणे!

४

मी सलग तीन पहाटे बसलो. डासांनी फोडून काढलं. एक मांजर आलं, ते मला बघून परत गेलं. बाकी चिटपाखरू नाही. तगरीखाली फुलांचा सडा पडला होता, तो बघत मी थर्मासमधली कॉफी संपवली.

आणि नवल म्हणजे, तिन्ही दिवस टाकीतलं मीठ तसूभरही हललं नाही!

"चोर मला भ्याला," मी जाहीर केलं.

मधुमिताला मात्र दुसरंच दिसलं. "मामा, शिवप्रसादचा टेम्पो हे तीनही दिवस गॅरेजमध्ये होता. मासे मी बाजारातून आणलें. गाळणी धुतलीच नाही. तो आला नाही, मीठ उतरलं नाही. आता आणखी काय पाहिजे?"

माझ्या पहाऱ्याची फुशारकी तिथंच संपली. वर त्याच संध्याकाळी भजनाचाही विचका झाला. व्यंकोबारावांचे तंजावरचे कोणी लांबचे भाऊबंद वारले, त्यांना तीन दिवसांचं सुतक, म्हणून झांजा माझ्या गळ्यात. माझा ताल कुठे आणि अभंग कुठे! घरी येऊन मी अंबुजाजवळ तास-दीड तास कुरकुर केली. ती भाजी निवडत "हूं हूं" करत होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पो सुरू झाला. त्याच्या दुसऱ्या सकाळी मीठ पुन्हा उतरलं.

मधुमिताचा फोन आला तो निर्वाणीचा. "संपलं मामी. आज शिवप्रसादला सांगणार आहे, पुन्हा या दारात पाय ठेवूं नोको म्हणून. आणि जंगलखात्याला त्याचं नाव देतें."

"तो कॅन घेऊन आला आहे?"

"आत्ताच आलाय."

"एकही कॅन ओतूं नोको," अंबुजा म्हणाली. "आणि माझी लोखंडी कढई येईपर्यंत तोंडातून शब्द काढूं नोको."

५

दवाखान्याच्या मागे स्टोव्ह पेटला. एका बाजूला शिवप्रसाद हात बांधून उभा, दुसऱ्या बाजूला मधुमिता ओठ आवळून. मधे माझी बायको शाळा भरवून.

"यंत्राला कळतं तें कळतं," ती म्हणाली. "पण डोळ्यांनी दिसलेलं माणूस विसरत नाही." तिनं शिवप्रसादच्या कॅनमधलं वाटीभर पाणी कढईत आटवलं. तळाला पांढऱ्या मिठाचा जाड थर धरला. मग टाकीतलं वाटीभर आटवलं. थर धरला, पण विरळ.

मधुमितानं कढईकडे पाहिलं, मग शिवप्रसादकडे, आणि मान खाली घातली.

"याचं पाणी अस्सल समुद्राचं आहे," अंबुजा म्हणाली. "टेम्पो बंद पडला आणि मीठ उतरायचं थांबलं, हा योगायोग. त्या तीन दिवसांत आणखी कोणतरी थांबलं होतं."

मग तिनं मागच्या दाराकडच्या कोपऱ्यात टाकीत हात घातला आणि तळाचा चिमूटभर गाळ काढून माझ्या तळव्यावर ठेवला. मऊ, राखाडी, पिठासारखा. "समुद्राच्या वाळूला कण असतात, शिंपल्याची कच असते. शिवप्रसाद तर फडक्यातून गाळून भरतो. ही माती ओळखलीत?"

ओळखली. ओळखणार नाही? जन्म गेला आमचा त्या पाण्यात पाय बुडवून. "कावेरीची," मी म्हणालो.

"नळ घरोघरी असताना नदीवर जाऊन पाणी कोण आणतं?"

"ज्याला देवाला लागतं तो," मी म्हणालो आणि माझी नजर मागच्या दाराकडे गेली.

६

मागच्या गल्लीत जाताना अंबुजा एकेक धागा सोडवत होती. पाऊल माझं, डोकं तिचं.

"चोर नेतो, परत भरत नाही. हा भरतो. तेही काढलं तेवढंच, सांडू न देता. म्हणजे त्याच्या मनानं ही चोरी नाहीच, हे उसनं आहे. आपल्यात शेजारणीची वाटी कोण रिकामी पाठवतं? साखरेची आली तर त्यात चार मिरच्या तरी घालून देतों. मग तें तीन दिवस. तुम्ही पहाऱ्याला बसलात, तगरीखाली फुलांचा सडा पडलेला होता म्हणालात. अहो, पूजेला फुलं रोज नेणारा आला असता तर सडा पडला असता?"

"सुतक," मी म्हणालो. माझी झांजांची कुरकुर मलाच आठवली.

"सुतकांत फूल तोडायचं नाही, देवाचं पाणी भरायचं नाही. मीठही थांबलं, फुलंही थांबलीं, झांजाही थांबल्या. तीन गोष्टी एकाच माणसाला बांधलेल्या." ती दारापाशी थबकली. "कोण तें कळलं. काहाला, तेवढंच कळायचं आहे."

व्यंकोबारावांनी दार उघडलं. हातात ओला पंचा होता. आत पलंगावर सरस्वतीबाई नुकत्याच न्हाऊन पडल्या होत्या, केस उशीवर पसरलेले. पलंगाखाली तीन पितळी कळशा पालथ्या घातलेल्या होत्या.

अंबुजानं पलंगाच्या कडेला बसून त्यांचे केस हातात घेतले, बोटांनी चाचपले. न्हाल्यावर केस मऊ व्हावेत, हे राठ, चिकट होते. समुद्रात न्हालेल्या माणसाचे असतात तसे.

"तीन कळशा," ती हळूच म्हणाली. "तीन बुड्या?"

म्हाताऱ्यानं लपवाछपवी केली नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "होय अंबुजाम्मा. लग्न झाल्यापासून ही दर अमावास्येला समुद्रांत बुडायची. आईबापाच्या नांवानं. आतां हिला नेऊं नोको म्हणून डॉक्टर सांगटलेत. ही बोलत नव्हती, पण रडायची. मग एक दिवस पाहिलों, समुद्र आपल्याच परसांत येऊन राहिला आहे! कूर्माच्या पायाशीं! रोज पहाटे तीन कळशा आणलों, फडक्यांतून गाळलों, हिला न्हाणलों. रडणं थांबलं. परवां माझं नांव घेतली."

"व्यंकोबाराव, विचारलं काहाला नाही?" मी म्हणालो.

"घेतलों असतो तर विचारलों असतो," ते म्हणाले. "मी घेतलोंच नाही. पहाटे नदीवर जाऊन तीन कळशा कावेरी आणून ओतायचों, मग तीन कळशा समुद्र आणायचों. कावेरी शेवटी समुद्रालाच जाते ना? दोन पावलं आधी पोचवलों. त्या मुक्या जिवाचे उपकार ठेवून घ्यायचे नव्हते मला. त्याला चांगल्यांतलं चांगलं पाणी दिलों."

मला खरं सांगायचा धीर होईना. अंबुजानंच सांगितलं. सौम्य शब्दांत, पण पूर्ण सांगितलं. समुद्रातल्या जिवाला गोड पाणी मानवत नाही आणि ती कासवी त्यांच्या कावेरीनं खंगत चालली आहे.

व्यंकोबाराव भिंतीला टेकले आणि खाली बसले. "मी तिला मारत होतों?" ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. पलंगावरून सरस्वतीबाईंचा बरा हात हलला, हवेत चाचपडला आणि नवऱ्याच्या डोक्यावर येऊन थांबला.

७

कळल्यावर मधुमिता मागच्या गल्लीत धावत आली आणि आधी खूप रागावली. "त्या पाण्यात कासवीची घाण असते हो काका! काकूंच्या पाठीला जखम असती म्हणजे?" असं ओरडतच तिनं सरस्वतीबाईंची पाठ तपासली. पाठ लहान मुलीसारखी निर्मळ होती. दोन वर्षं अंथरुणावर पडलेल्या बाईच्या पाठीवर एक ओरखडा नाही. ते बघून तिनं वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

त्यानंतर ती शिवप्रसादकडे गेली. मी मुद्दाम लांब उभा राहिलो. काय बोलली कळलं नाही, पण तो मान हलवत होता आणि डोळे पुसत होता. दुसऱ्या सकाळपासून टेम्पोत एक कॅन जास्त येऊ लागला. तो कॅन तो परस्पर मागच्या गल्लीत पोचवायचा. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मी माझ्या हातानं भाजलेल्या पहिल्या प्रतीच्या पुडीची पिशवी त्याच्या सीटवर ठेवली, कारण माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काय आहे?

कासवीनं पहिले दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मधुमिताच्या हातातला बांगडा गेला आणि बोटही जाता जाता वाचलं. इतकी आनंदानं किंचाळलेली पोरगी मी पाहिली नव्हती. पद्मनाभ भिंतीवरून डोकावले. काय झालं कळल्यावर म्हणाले, "वास तर येतोच. पण असू दे."

अमावास्येच्या सकाळी जंगलखात्याचे साहेब आले, त्यांनी कासवीला पाहिलं आणि चेन्नैचा विचार सोडून दिला. मधुमितानं आणखी काही दिवस तिला भरपूर खाऊ घातलं, मग एका सकाळी आम्ही तिला समुद्रावर नेलं. शिवप्रसादच्या टेम्पोत ती मागे, ओल्या गोणपाटावर. पुढच्या सीटवर व्यंकोबाराव, धुतलेलं धोतर नेसून, हात जोडूनच बसलेले. सरस्वतीबाईंना प्रवासाची मुभा नव्हतीच. त्यांच्या उशाशी पद्मनाभ मोबाइल धरून बसणार होते. ही कामगिरी त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती.

मधुमिता शिवप्रसादला म्हणाली, "तुम्ही आणलीत, तुम्हीच सोडा."

त्यानं कासवीला ओल्या वाळूवर ठेवलं. क्षणभर ती हलली नाही. माझा जीव टांगणीला. अंबुजानं माझा दंड घट्ट धरला होता. तीही घाबरते हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मग कासवीनं एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि वाळूवर रेघा ओढत निघाली. पहिली लाट तिच्या अंगावरून गेली. दुसरीत ती उचलली गेली. तिसरीनंतर पाण्यावर एक काळा ठिपका दिसला, मग तोही दिसेना.

मी रडत होतो. सांगायला लाज कसली? एका जिवासाठी इतकी माणसं आपापल्या परीनं धडपडली आणि ती सगळी माझ्या ओळखीची होती. अशा गावात जन्माला घातल्याबद्दल मी उभ्या जागी विठ्ठलाचे आभार मानले.

व्यंकोबाराव गुडघाभर पाण्यात उभे होते, मोबाइल तोंडासमोर धरून. पलीकडे सरस्वतीबाईंचा चेहरा दिसत होता. एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली गे."

"मागं... वळून... पाहिली?"

म्हाताऱ्यानं समुद्राकडे पाहिलं. खोटं बोलायला त्यांना कधी जमलंच नाही. "नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही."

सरस्वतीबाईंचा अर्धाच हलणारा चेहरा हसला.

"मग बरी झाली ती," त्या म्हणाल्या.